चिंध्या, सरस आणि भाडोत्री तलवारी: मार्के प्रांताची गोष्ट

प्रश्न असा आहे: "इटलीचा मध्ययुगीन आणि प्रबोधनकालीन इतिहास म्हटला की फ्लोरेन्स, व्हेनिस, रोम यांच्यापुढे कोणी जात नाही. शेजारच्या मार्के प्रांतात तेव्हा काय चालले होते? आणि उर्बिनोसारख्या डोंगरावरच्या आडगावात एवढा मोठा राजवाडा बांधायला पैसा आला कुठून?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येते: लढाईच्या मजुरीतून. पहिल्याला मात्र वेळ लागेल. मी इतिहासाची प्राध्यापक नाही. गेली चोवीस वर्षे जुन्या कागदांच्या संवर्धनाचे काम करते आहे, त्यामुळे मी या प्रांतात शिरले ती कागदाच्या दाराने, आणि माझ्या उत्तराचा तोल तिकडे झुकणार हे आधीच कबूल करते.

नावापासून सुरुवात करू. 'मार्का' म्हणजे साम्राज्याच्या कडेचा, सरहद्दीचा मुलूख. पवित्र रोमन साम्राज्याच्या काळात इथे आन्कोनाचा मार्का, फेर्मोचा मार्का, कामेरिनोचा मार्का असे तुकडे होते. 'मार्के' हे त्याचे अनेकवचन. इटलीतल्या प्रांतांपैकी अनेकवचनी नाव फक्त याचेच, आणि ते अगदी शोभते, कारण हा मुलूख एकजीव असा कधी नव्हताच. नकाशा पाहिला की कारण कळते. पश्चिमेला अपेनाइन डोंगर, पूर्वेला एड्रियाटिक समुद्र, आणि डोंगरातून समुद्राकडे जवळजवळ समांतर धावणाऱ्या आखूड नद्या. हाताचा पंजा पसरावा तशी खोरी. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचे तर मधली धार चढून उतरायची. प्रत्येक धारेवर तटबंदीचे गाव, आणि प्रत्येक गावाचे शेजारच्या गावाशी वाकडे.

कागदोपत्री धनी पोप. आठव्या शतकात फ्रँक राजा पेपँने लोंबार्डांकडून जिंकलेला जो प्रदेश पोपला दिला, त्यात इथला किनाराही आला. पण रोम डोंगरापलीकडे, आणि १३०९ पासून तर पोप रोममध्येही नव्हता, फ्रान्सच्या दक्षिणेला आविन्यों इथे जाऊन बसला होता. धनी गावाला आणि वाडा वाटेकऱ्यांच्या ताब्यात, अशी अवस्था. गावोगावचे सरदार दांडगाई करून सत्ता बळकावत आणि नंतर पोपकडून तिच्यावर शिक्का मारून घेत. १३५३ मध्ये पोपने आल्बोर्नोथ नावाच्या स्पॅनिश कार्डिनलला सैन्य देऊन पाठवले. त्याने अर्धे काम तलवारीने केले आणि अर्धे सौद्याने: सरदाराने शरण यायचे, दरसाल ठरलेली रक्कम भरायची, बदल्यात 'पोपचा व्हिकार', म्हणजे प्रतिनिधी, ही पदवी घ्यायची. रिमिनीच्या मालातेस्ता घराण्याशी असाच सौदा झाला. १३५७ मध्ये फानो गावी सभा भरवून आल्बोर्नोथने जी कायद्याची संहिता जाहीर केली, ती थेट १८१६ पर्यंत चालली. साडेचारशे वर्षे! या संहितेकडे पुन्हा येईन.

आता एसिनो नदीचे खोरे. माझ्या मते या प्रांताचा निम्मा इतिहास या एका खोऱ्यात सापडतो.

नदीच्या खालच्या अंगाला येझी हे गाव आहे. २६ डिसेंबर ११९४ रोजी इथे सम्राट दुसरा फ्रेडरिक जन्मला. त्याची आई कॉन्स्टन्स सिसिलीला चालली होती, वाटेत दिवस भरले. वय चाळिशीचे, त्यामुळे मूल खरेच तिचे का, अशी कुजबुज होणार हे ओळखून तिने भर चौकात तंबू ठोकून बाळंतपण केले, अशी दंतकथा आहे. तंबूचे खरे-खोटे सोडा, पण फ्रेडरिकने पुढे एका पत्रात येझीला, येशूच्या जन्मगावावरून, 'आमचे बेथलेहेम' म्हटले, हे खरे. याच फ्रेडरिकने १२३१ मध्ये सिसिलीच्या राज्यासाठी कायदे केले आणि त्यांत एक कलम घातले: करारमदार, खरेदीखते वगैरे सरकारी दस्त कागदावर लिहायचे नाहीत, चर्मपत्रावरच लिहायचे. कागद टिकत नाही.

त्याचे चुकले नव्हते. अरबांकडून इटलीत आलेल्या कागदाला गव्हा-तांदळाची खळ लावलेली असे. खळ लावली नाही तर शाई टीपकागदावर पसरावी तशी पसरते, म्हणून ती हवीच. पण दमट हवेत खळीला बुरशी धरते आणि कसर तर तिच्यावर जगते. आपल्याकडचा जुना हातकागदही खळ लावून अकीकाच्या दगडाने घोटलेला असे. मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, सोडला आणि आतून चाळणी झालेले पान निघाले की मला हटकून फ्रेडरिकचे कलम आठवते. गंमत म्हणजे त्याच्या स्वतःच्या कचेरीची १२३९-४० सालची नोंदवही कागदाचीच होती. ती सातशे वर्षे टिकली. बुरशीने तिचे काही बिघडवले नाही. १९४३ मध्ये नेपल्सजवळ सुरक्षित म्हणून हलवलेल्या दफ्तराला जर्मन सैनिकांनी आग लावली, त्यात ती गेली.

येझीहून नदीच्या वरच्या अंगाला चाळीसेक किलोमीटरवर, एसिनोला मिळणाऱ्या जानो या लहानशा नदीच्या काठी फाब्रियानो आहे. आपल्याकडचे चित्रकार ज्या 'फाब्रियानो' कागदावर जलरंग वापरतात ना, तेच हे गाव. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे सम्राटाच्या बंदीनंतर चाळीस-पन्नास वर्षांत, फाब्रियानोच्या कारागिरांनी कागदाची दोन दुखणी काढली आणि एका नव्या गोष्टीची भर घातली. कोणा एकाचे नाव त्याला चिकटलेले नाही, आणि ते बरेच आहे.

पहिले दुखणे कुटण्याचे. कागद तेव्हा लाकडापासून नाही, लिनन (जवसाचा धागा) आणि हेम्प (भांगेचा धागा) यांच्या चिंध्यांपासून बनत असे, आणि चिंध्या जितक्या बारीक कुटाव्यात तितका कागद एकसारखा. फाब्रियानोत लोकरीचा धंदा आधीपासून होता. विणलेले कापड दाट करण्यासाठी ते पाण्याच्या चाकावर चालणाऱ्या मुसळांखाली तुडवले जाई. तीच युक्ती कागदवाल्यांनी उचलली. पाणचाक एक जाड आडवा लाकडी आस फिरवते, आसावरच्या खुंट्या ओळीने मुसळांच्या दांड्या उचलतात आणि सोडतात. पहिल्या कुंडातल्या मुसळांना टोकदार खिळे, ती चिंध्या फाडतात. दुसऱ्यातले खिळे बारीक, ती धागा सुटा करतात. शेवटच्या कुंडात नुसते लाकूड, ते लगदा घोळवते. फाब्रियानोच्या कागद-संग्रहालयात असे यंत्र चालवून दाखवतात. दगडी कुंडाशेजारी उभे राहिले की तळपायाला ठोके जाणवतात, आणि शेजारच्याशी बोलायचे तर ओरडावे लागते. नदीकाठच्या अशा कित्येक गिरण्या एकदम चालत असतील तेव्हा गावात झोप कशी लागत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

दुसरे दुखणे खळीचे. फाब्रियानोत लोकरीबरोबर कातडी कमावण्याचाही धंदा होता. चर्मकाराकडचे कातड्याचे तुकडे आणि खरवड उकळून सरस निघतो. वाळलेला कागद पातळ सरसात बुडवायचा, दाबून जास्तीचा सरस काढायचा आणि पुन्हा वाळत घालायचा. सरस लावलेल्या पानाला बुरशी आणि कीड सहज लागत नाही, आणि पृष्ठभाग कडक होतो. त्या कडकपणाचे महत्त्व आपल्याला चटकन कळत नाही, कारण आपल्याकडे बोरूने लिहीत. बोरूचे टोक रुंद, ते घोटलेल्या कागदावरून घसरत जाते. युरोपात पिसाची लेखणी, तिचे टोक सुईसारखे, ते मऊ कागदात रुतते आणि धागे उपसते. सरसाने ही अडचण मिटली. उन्हाळ्यात सरस नासतो ही नवी अडचण आली, पण ती कारागिराची, गिऱ्हाइकाची नाही.

तिसरी गोष्ट जलचिन्हाची. लगद्यातून पान उचलण्याच्या जाळीवर धातूच्या तारेची आकृती शिवली की तिथे लगदा पातळ बसतो, आणि पान उजेडाकडे धरले की आकृती दिसते. आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या जलचिन्हांपैकी एक १२८२ सालच्या कागदावरचे आहे: साधा क्रूस. पुढे घंटा, कात्री, बैलाचे डोके, फळे, अक्षरे, काय वाटेल ते. बारीक तार ओढणारे, खिळे घडवणारे लोहार या गावात भरपूर होते. गावाच्या चिन्हावरही पुलावर ऐरण मांडून घाव घालणारा लोहार आहे, आणि त्याखालच्या लॅटिन ओळीचा आशय असा की नदीवरच्या या लोहाराने एकेकाळी चहूकडे कागद पोचवला. लोकर, कातडे, लोखंड आणि वाहते पाणी हे चारही एका गावात होते, म्हणून हे इथे घडले. मोठ्या शहरात हे चार धंदे चार पेठांत असते आणि एकमेकांचे तोंड पाहत नसते.

जलचिन्ह म्हणजे ट्रेडमार्क, आणि ट्रेडमार्क म्हटला की भांडण. फाब्रियानोच्या शेजारच्या सासोफेर्रातो गावचा बार्तोलो हा चौदाव्या शतकातला सर्वांत नावाजलेला कायदेपंडित. त्याने चिन्हे आणि ढाली यांवरच्या आपल्या ग्रंथात फाब्रियानोच्या कागदाचा दाखला घेतला आहे. तिथे प्रत्येक पानाला आपापली खूण असते आणि तीवरून ते कोणत्या गिरणीचे ते कळते, असे सांगून तो विचारतो की गिरणीचा मालक बदलला तर खूण कोणाची? त्याचे उत्तर: खूण गिरणीबरोबर जाते. गोव्यातल्या पोर्तुगीज दफ्तरांत युरोपीय कागद पुष्कळ आहे. तसे पान हाती आले की मी पहिल्यांदा मजकूर वाचत नाही, पानामागे बॅटरी धरते. खूण कोणती, तिच्या तारेला टाक्यांच्या जागी पीळ कुठे पडला आहे, हे नोंदवून ठेवते. तारेची आकृती रोजच्या वापराने थोडी थोडी वाकते, त्यामुळे एका साच्याचे पान दुसऱ्या साच्याशी जुळवता येते, आणि तारीख नसलेल्या पत्राचा काळ काही वर्षांच्या फरकाने सांगता येतो. या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत फाब्रियानोचेच झोंगी बंधू होते. एकोणिसाव्या शतकात त्यांनी गावच्या दफ्तरातली जुनी जलचिन्हे सालवार लावली.

कागद विकला गेला तो दूरवर. प्रातोचा व्यापारी दातिनी याच्या पेढीमार्फत फाब्रियानोच्या गठड्या पिसा बंदरातून स्पेनकडे जात. मोजमाप रीमचे. आपण स्टेशनरीच्या दुकानात मागतो तेच रीम: मूळ अरबी 'रिझ्मा', म्हणजे गठडी. गावाने धंदा राखायला कडक नियम केले, पंधराव्या शतकात तर ५० मैलांच्या परिसरात कोणी कागद करू नये की बाहेरच्याला शिकवू नये असा ठराव झाला. तोवर उशीर झाला होता. कारागीर केव्हाच बोलोन्या, फोलिन्यो आणि व्हेनिसच्या मुलखात पोचले होते.

गावाचे धनी क्यावेल्ली घराणे. त्यांच्या स्वतःच्याही कागदगिरण्या होत्या. २६ मे १४३५, येशूच्या स्वर्गारोहणाचा सण, सगळे घराणे चर्चमध्ये. कट करणाऱ्यांनी प्रार्थनेतलाच एक लॅटिन शब्दसमूह इशारत म्हणून ठरवला होता असे सांगतात. तो उच्चारला गेला आणि खंजीर निघाले. घराण्यातले पुरुष तिथेच कापले गेले. या प्रांतात सत्तांतर बहुतेक वेळा असेच होई.

उर्बिनोचेही तसेच झाले. १४४४ च्या जुलैमध्ये तिथला तरुण सरदार ओद्दांतोनियो याला त्याच्याच प्रजेने मारले. दुसऱ्या दिवशी त्याचा सावत्र भाऊ फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो वेशीवर हजर. अनौरस मुलगा, वय २२, पेशाने भाडोत्री सेनानी. गावकऱ्यांनी त्याला लगेच आत घेतले नाही. आधी कलमे लिहून घेतली: खुनाबद्दल कोणाला शिक्षा नाही, करांचा बोजा कमी. त्याने सही केली, मग दरवाजा उघडला. कटात त्याचा हात होता का, यावर आजही वाद होतो. मला विचाराल तर दुसऱ्याच दिवशी वेशीवर येऊन उभा राहणारा माणूस अगदीच अनभिज्ञ असेल, हे पटत नाही.

आता पैशाचा हिशेब. उर्बिनोभोवतीच्या टेकड्यांत पिकते फार थोडे. फेदेरिकोचे पीक म्हणजे 'कोंदोत्ता', सैन्यपुरवठ्याचा करार. इतके घोडेस्वार, इतके पायदळ, इतक्या महिन्यांसाठी, महिना इतके. करारात एक मुदत पक्की आणि तिच्यापुढची मालकाच्या मर्जीवर, अगदी आजच्या कंत्राटासारखी. मिलान, फ्लोरेन्स, नेपल्स, पोप, सगळ्यांनी त्याला वेळोवेळी कामावर ठेवले. शांततेच्या काळातही पगार चालू असे, निदान हा माणूस शत्रूकडे जाऊ नये म्हणून. शिपाई भरती व्हायचे ते त्याच्याच डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांतून, त्यामुळे पगार घरोघर पोचे आणि त्याला प्रजेवर फार कर लादावे लागत नसत. प्रजा त्याच्यावर जीव टाकत होती, त्याचे मोठे कारण हे. १४४५ मध्ये मालातेस्ता घराण्यातल्या एका कर्जबाजारी सरदाराने आपली गावे विकायला काढली: पेझारो २०,००० फ्लोरिनला (फ्लोरिन म्हणजे सोन्याचे नाणे) स्फोर्झा घराण्याकडे, आणि फोस्सोम्ब्रोने १३,००० ला फेदेरिकोकडे. माणसांसकट गावे, जमिनीच्या तुकड्यासारखी.

त्याचा जन्माचा वैरी रिमिनीचा सिजिस्मोंदो मालातेस्ता. शेवटी पोप दुसरा पायस यानेच सिजिस्मोंदोला जिवंतपणी नरकाची शिक्षा सुनावून रोममध्ये त्याचे पुतळे जाळले. १४६२ च्या ऑगस्टमध्ये सेनिगालियाजवळ फेदेरिकोने त्याला धूळ चारली आणि पुढच्या वर्षी फानो घेतले. पायसचेही पुढे भले झाले नाही. तुर्कांवर धर्मयुद्ध करायचे म्हणून तो १४६४ मध्ये आन्कोनाला येऊन जहाजांची वाट पाहत राहिला. व्हेनिसची गलबते दिसली आणि दोन-तीन दिवसांत तो वारला. धर्मयुद्ध तिथेच संपले.

फेदेरिकोचे नेहमीचे चित्र तुम्ही पाहिले असेल: लाल टोपी, आकडी नाक, फक्त डावी बाजू. १४५० मध्ये भाल्याच्या खेळात उजवा डोळा गेला, म्हणून चित्रकार पिएरोने डावीकडूनच रंगवला. सज्जन, विद्याप्रेमी राजा अशी त्याची कीर्ती आहे आणि ती खोटी नाही, पण तिचीही दुसरी बाजू रंगवलेली नाही. १४७२ मध्ये त्याने फ्लोरेन्ससाठी व्होल्तेर्रा गाव घेतले. गाव शरण आले असतानाही ते लुटले गेले. फ्लोरेन्सने खूश होऊन त्याला चांदीचे शिरस्त्राण दिले. सहाच वर्षांनी त्याच फ्लोरेन्समध्ये शहराची सत्ता हाती असलेल्या मेदिची बंधूंवर चर्चमध्ये हल्ला झाला, तेव्हा फेदेरिकोचे सहाशे शिपाई कटवाल्यांच्या मदतीला शहराबाहेर थांबले होते. हे कळले ते त्याचे सांकेतिक लिपीतले एक पत्र एकविसाव्या शतकात उलगडले गेले तेव्हा. सव्वापाचशे वर्षे कागदाने गुपित राखले.

अशा कमाईतून तो राजवाडा उभा राहिला. एड्रियाटिकपलीकडच्या दाल्मेशियाच्या लाउराना या वास्तुकाराने मुख्य काम केले, पुढे फ्रांचेस्को दी जोर्जोने. आतली छोटी अभ्यासिका पाहण्यासारखी आहे: खालच्या भिंतींवर नुसत्या लाकडाच्या तुकड्यांत जडवलेली अर्धवट उघडी कपाटे, पुस्तके, चिलखत, एक खार. वर २८ थोर पुरुषांची चित्रे होती, त्यांतली निम्मी आता पॅरिसला आहेत. ग्रंथालयात सुमारे ९०० हस्तलिखिते. त्याला पुस्तके पुरवणाऱ्या फ्लोरेन्सच्या वेस्पासियानोने लिहून ठेवले आहे की तिथे छापील पुस्तक ठेवायची लाज वाटली असती. हे शब्दशः खरे नाही, काही छापील पुस्तके संग्रही होती. पण हस्तलिखितांत भर चर्मपत्राचा, हे खरे. आणि नेमके त्याच काळात, १४७३ मध्ये, खाली येझीला एका छापखान्यातून आल्बोर्नोथची संहिता छापून निघाली. ज्याने कायद्याच्या दस्ताला कागद नको म्हटले त्या सम्राटाच्या जन्मगावी, अख्खा कायदाच कागदावर.

पुढचे भराभर सांगते. फेदेरिको १४८२ मध्ये फेर्राराच्या युद्धात तापाने गेला. पुढच्याच वर्षी उर्बिनोत चित्रकार सान्तीच्या घरी मुलगा झाला, तोच पुढचा थोर चित्रकार राफाएल. १५०२ मध्ये पोपचा मुलगा चेझारे बोर्जा याने उर्बिनो एका फटक्यात घेतले आणि वर्षअखेरीस सेनिगालियात आपल्याच फितूर सेनानींना गोड बोलावून मारले. पोप बापाच्या मृत्यूबरोबर त्याचेही राज्य गेले. आन्कोना या बंदरशहराने ११७३ मध्ये सम्राटाच्या सैन्याचा आणि व्हेनिसच्या आरमाराचा वेढा उपाशीपोटी परतवला होता. १५३२ मध्ये मात्र ते घ्यायला पोपला रक्त सांडावे लागले नाही. तुर्कांपासून रक्षणासाठी म्हणून किल्ला बांधायला शहराने पोपला परवानगी दिली, आणि किल्ल्यातले सैन्य शहरात उतरले. १५५६ मध्ये त्याच शहरात पोप चौथा पॉल याने पोर्तुगालहून आलेल्या सुमारे २५ ज्यूंना मारून जाळले. इस्तंबूलच्या ग्रासिया नासी या ज्यू व्यापारी बाईने आन्कोना बंदरावर बहिष्कार घालून पेझारोकडे व्यापार वळवायचा प्रयत्न केला. तो फार टिकला नाही. १६३१ मध्ये उर्बिनोचा शेवटचा ड्यूक, म्हणजे तिथला सत्ताधीश, वारसाविना गेला आणि त्याची डचीही, म्हणजे राज्यही, पोपकडे आले. १६५७ मध्ये फेदेरिकोचे ग्रंथालय गाड्यांत घालून रोमला नेले, ते आज व्हॅटिकनमध्ये आहे.

जायचे असेल तर आन्कोनाहून रोमला जाणारी रेल्वे धरा. ती याच एसिनोच्या खोऱ्यातून वर चढते, आधी येझी, मग फाब्रियानो. उर्बिनोला मात्र आता रेल्वे नाही, पेझारोहून बस. फाब्रियानोच्या संग्रहालयात पाहुण्यांना स्वतःच्या हाताने एक पान उचलू देतात. जाळी पाण्यातून वर काढताना हात थोडा हलवायचा, पुढे-मागे आणि मग आडवा, म्हणजे धागे एकमेकांत गुंततात. माझे पहिले पान एका कोपऱ्यात जाड आले होते. कारागिराने ते काही न बोलता पुन्हा कुंडात बुडवले.